पाणी किती वाजता येतं?

२०१९च्या दिवाळीनंतरचा एक रविवार. चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत असलेला माझा गुंतवणुकीचा फ्लॅट भाड्याने बघायला एक मुलगी आली होती. चाकणमधल्या एका हॉस्पिटलात नर्स होती, सोबत तिची मैत्रीण. मी उत्साहाने हॉल दाखवला, नवीकोरी फरशी दाखवली, गॅलरीतून दिसणारा डोंगर दाखवला. ती 'हो, हो' म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळ आधी नुसता खरखरला, मग तांबूस पाण्याची करंगळीएवढी धार आली आणि थांबली. तिने नळ नीट बंद केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, इथं पाणी किती वाजता येतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या घराचा चौरस फुटाचा भाव मला ठाऊक होता, कर्जाचा दर ठाऊक होता, शेजारच्या प्रकल्पात काय भाव निघाला तेही ठाऊक होतं. सात वर्षं मी त्या घरापायी हप्ते भरत होते. पाणी किती वाजता येतं, हे मात्र मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

मी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. आईच्या डोक्यावरचा हंडा आणि टँकर आला की होणारी पळापळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. गावाकडे मुलगी द्यायची तर आधी त्या घरची विहीर बघतात. ते सगळं पाहिलेल्या मला घर घेताना पाणी आठवलं नाही. ती मुलगी 'कळवते' म्हणून निघून गेली आणि तिचा फोन आला नाही. मी रिकाम्या हॉलमध्ये बराच वेळ बसून होते. घर आणि गुंतवणूक याबद्दलचं माझं मत बदलायला त्या दुपारी सुरुवात झाली.

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिते. माझे मिस्टर चिंचवडच्या एका कंपनीत आहेत. २००१ साली आम्ही चिंचवडमध्ये राहायला वन बीएचके घेतला, साडेचार लाखांना. तेव्हा ते फार वाटले होते. पण दहा वर्षांनी आमच्याच इमारतीतला तसाच फ्लॅट एकवीस लाखांना गेला आणि त्या आकड्याने माझ्या मनाचा ताबा घेतला. पगारातून पै-पै साठवून दहा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते चार भिंतींनी नुसतं उभं राहून करून दाखवलं होतं.

तेव्हापासून मी ठामपणे बोलू लागले. जागेचा भाव कधी पडत नाही. भाड्यातून हप्ता सुटतो. लांब मिळालं तरी घेऊन ठेवावं, शहर आपोआप तिथवर येतं. डब्याच्या सुट्टीत आमच्या टेबलावर हाच विषय असायचा. मी हिशेब लिहिणारी, म्हणून माझ्या बोलण्याला वजन होतं.

आज मागे वळून बघते तेव्हा चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसतं. चिंचवडचं घर आम्ही राहण्यासाठी घेतलं होतं. मुलाची शाळा चालत जाण्याएवढी, बस कोपऱ्यावर, लोकलचं स्टेशन जवळ, पवनेचं पाणी नळाला. ज्या कारणांनी आम्ही ते घेतलं, त्याच कारणांनी आणखी शेकडो कुटुंबांना तिथे राहायचं होतं आणि म्हणून त्याचा भाव वाढला. मी कारणं विसरले, भाव तेवढा लक्षात ठेवला.

२०१२चा गुढीपाडवा. चाकणच्या पुढच्या एका गावात बिल्डरने मोकळ्या माळावर मांडव घातला होता. आत मोठा नकाशा होता आणि नकाशावर लाल वर्तुळ: येऊ घातलेला विमानतळ. चाकण–राजगुरुनगर परिसरात पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, ही बोलवा तेव्हा जोरात होती. चाकण एमआयडीसीत मोठमोठे मोटार कारखाने आलेच होते. कारखाने आहेत, विमानतळ येतोय, आणखी काय पाहिजे? प्री-लाँचचा भाव २,९०० रुपये चौरस फूट, 'आजच्या दिवसापुरता'. ६४० फुटांचा वन बीएचके, १८ लाख ५६ हजार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सेवाकर, व्हॅट, वीजमीटर असं सगळं धरून २० लाख ६० हजार. पंधरा लाख कर्ज काढलं, साडेदहा टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. पूर्ण हप्ता १४,९७६ रुपये.

त्या माळावर त्या दिवशी पायाचा खड्डासुद्धा नव्हता. मी नकाशा बघून सही केली.

ताबा २०१५च्या दसऱ्याला मिळायचा होता. तो मिळाला २०१९च्या जूनमध्ये. मधल्या काळात काय काय झालं ते सांगते, कारण गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्या प्रत्येकाने ते आपल्या हिशेबात आधीच धरायला हवं. २०१६ साली सरकारने जाहीर केलं की विमानतळ पुरंदरला होणार. एका बातमीवर भाव चढला होता, दुसऱ्या बातमीवर तो बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि आमच्या साइटवरचं काम कित्येक महिने ठप्प झालं. १ मे २०१७ला रेराचा कायदा पूर्णपणे लागू झाला, चालू प्रकल्पांनाही महारेराकडे नोंदणी करणं बंधनकारक झालं. मला हायसं वाटलं. पण नोंदणी करताना बिल्डरने प्रकल्प पूर्ण होण्याची नवी तारीख टाकली होती, ती २०१९ची. आम्ही पंधरा-वीस जण भेटून बोललो, तक्रार करू म्हणालो आणि करता करता राहिलो. तो कंटाळा आमचाच होता.

ताबा घेतल्यावर मिस्टरांनी टेप लावला. ६४० फुटांच्या घरात सतरंजी अंथरता येईल अशी जागा भरली ४३२ फूट. बाकी जिना, लॉबी, भिंती आणि बिल्डरने 'लोडिंग' म्हणून वाढवलेला आकडा. मी आयुष्यभर इतरांची बिलं तपासली. कच्चा माल किती आणि तयार माल किती निघाला, हे मला रोज विचारावं लागतं. स्वतःच्या घराबाबत मी ते विचारलं नव्हतं.

आणि पाणी. गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर. सोसायटीला दोन बोअर, दोन्ही फेब्रुवारीनंतर आटायच्या. रोजचे टँकर. त्यामुळे मेंटेनन्स महिन्याला २,६०० रुपये. नर्स मुलगी गेल्यानंतर महिन्याभराने एका कामगाराच्या कुटुंबाने घर घेतलं, भाडं साडेसहा हजार. मार्च २०२०ला टाळेबंदी लागली आणि ते कुटुंब गावी गेलं, ते परतलंच नाही. पुढचे सात महिने घर रिकामं, हप्ता चालू. मग दुसरा भाडेकरू मिळाला, तोही वर्षभरासाठी. २०२१च्या ऑक्टोबरात मी ते घर २३ लाखांना विकलं.

त्या रात्री मी कोरा ताव घेतला आणि वर्कशॉपचा ताळेबंद मांडते तसा तो व्यवहार मांडला. खर्च २० लाख ६० हजार. साडेनऊ वर्षांत भरलेलं व्याज साडेदहा लाखांच्या घरात. मिळाले २३ लाख आणि मेंटेनन्स वजा जाता भाड्याचे सत्तावीस हजार. तोटा पावणेआठ लाखांच्या वर. माझे स्वतःचे पाच-साडेपाच लाख पोस्टात असते तर त्यांचं काय झालं असतं, हे त्यात धरलेलंच नाही. आमच्यात मात्र तोवर मी सगळ्यांना सांगत होते की वीसचे तेवीस झाले.

हेच मला सगळ्यात आधी कबूल करायचं आहे. घराच्या व्यवहारात माणूस खरेदीची आणि विक्रीची किंमत लक्षात ठेवतो, मधलं व्याज, कर, मेंटेनन्स, रिकामे महिने विसरून जातो. मी तेच केलं, हिशेबनीस असून केलं. खोटं बोलायचं म्हणून मी बोलत नव्हते. मला ते खरंच तसं वाटत होतं.

मग गुंतवणूक म्हणून घर घेऊच नये का? त्याआधी काही महिने माझं मत तसंच झालं होतं. पण ती मुलगी डोक्यातून जात नव्हती. तिने नळ सोडून बघितला होता, मी नकाशा उघडला होता. ती घराकडे राहणाऱ्याच्या नजरेने बघत होती आणि त्या नजरेला दोन मिनिटांत जे दिसलं, ते मला सात वर्षांत दिसलं नव्हतं. शेवटी घराचं भाडं देणार ती. घराला पुढे कधी गिऱ्हाईक मिळणार तेही तिच्यासारख्याच कुणाला तरी तिथे राहावंसं वाटलं तर. मग घर शोधायची सुरुवात तिच्यापासूनच का करू नये?

घर विकायचं ठरल्यापासूनच, २०२१च्या पावसाळ्यात, आम्ही दोघं दर रविवारी पायी हिंडू लागलो. चिंचवड, आकुर्डी, निगडी, काळेवाडी. आधी भाडेकरू ठरवला: हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करणारी मुलगी, कॉलेजातला लॅब असिस्टंट, एमआयडीसीत नव्याने लागलेला डिप्लोमावाला. त्यांना काय लागतं? स्टेशन किंवा बस चालत, रात्री उतरल्यावर दिवे असलेला रस्ता, जवळ खानावळ, नळाला पाणी. स्विमिंग पूल आणि क्लबहाऊस कुणालाच लागत नाही, पण मेंटेनन्स त्याचाच जास्त. अशा माणसांना ज्या पाच-सहा गल्ल्यांत राहायला आवडेल, त्याच गल्ल्यांत आम्ही घर शोधायचं ठरवलं.

एक इमारत पसंत पडली की तिथे चार वेळा जायचं. सकाळी साडेसहाला पाण्यासाठी. नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे सोसायटीची जमिनीतली टाकी दोन दिवस पुरते का, हा प्रश्न पहिला. सकाळी नऊला रस्त्यासाठी. रात्री नऊला दिव्यांसाठी. आणि एकदा भर पावसात, जिन्यातल्या आणि गच्चीखालच्या ओलीसाठी. उन्हाळ्यात रंग देऊन झाकलेली ओल जुलैमध्ये बोलते. एका इमारतीत सगळं छान होतं. पावसात गेलो तर वरच्या मजल्यावर कोपऱ्यात बादल्या ठेवलेल्या.

प्रॉपर्टीच्या साइट आणि अॅप मीही बघितल्या, बघाव्यात. त्यांच्यावरून भाड्याचा अंदाज येतो. पण जे घर मला मिळालं, ते कुठल्याच अॅपवर नव्हतं. आकुर्डीत एका सोसायटीच्या फाटकाशी टपरीत इस्त्री करणारे एक काका होते. तिसऱ्या रविवारी त्यांनीच विचारलं, "काय शोधताय ताई?" मी सांगितलं. त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली आणि बोटाने वर दाखवलं. "तिसरा मजला. आजोबा वारले. पोरं बाहेर असतात. विकायचं म्हणतात, पण दलालाला दिलेलं नाही." कुणाच्या घरात काय चाललंय, कोण कधी सोडणार, कुठल्या घरात भाडेकरू टिकत नाही आणि का, हे इस्त्रीवाले, दूधवाले, वॉचमन यांना माहीत असतं. त्यांच्याशी बोलायला वेळ लागतो, आणि ते बोलतात ते आपण परत परत दिसू लागल्यावर.

मधे एकदा बँकेच्या लिलावाचाही मोह झाला. पेपरात जाहिरात होती, सरफेसी कायद्याखाली जप्त केलेला फ्लॅट, राखीव किंमत चोवीस लाख, बाजारभावापेक्षा सात-आठ लाखांनी कमी. नियम नीट वाचले. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत आधी भरायची. बोली लागली की ती धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांत. मालमत्ता 'आहे तिथे, आहे तशी'. थकलेला मेंटेनन्स, कर, वाद, सगळं घेणाऱ्याच्या माथी. आणि बारीक अक्षरात दोन शब्द: सांकेतिक ताबा. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसं राहत आहेत. आम्ही बघायला गेलो. जिन्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी पायरीवर वही ठेवून पाढे लिहीत होती. ती त्याच घरातली होती. आम्ही वर गेलोच नाही. लिलावात घर घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही, बँकेचं कर्ज बुडवू नये हेही खरं. पण ज्याची पहिली-दुसरी खरेदी आहे त्याने तिथे जाऊ नये असं माझं मत आहे. आणि त्या मुलीला बाहेर काढून मिळणारा ताबा मला पेलणारा नव्हता.

आकुर्डीचं घर १९९४च्या इमारतीतलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ४१० फूट. सांगितलेली किंमत चौतीस लाख. पूर्वीची मी असते तर 'पुढे पन्नास होतील' म्हणून हो म्हणाले असते. या वेळी नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून त्या सोसायटीतले जुने व्यवहार काढले. सूची क्रमांक दोनवर व्यवहाराची नोंदलेली रक्कम असते. मागच्या वर्षभरात त्याच इमारतीत दोन फ्लॅट गेले होते, साडेएकोणतीस आणि तीस लाख वीस हजारांना. त्या दोन कागदांनी जे काम केलं ते तासभर घासाघीस करून झालं नसतं. एकतीसला ठरलं.

कागदपत्रांना दोन महिने लागले आणि ते लागू दिले. आजोबांनी सोसायटीत मुलीचं नामांकन केलं होतं, त्यामुळे तीच मालक असं सगळे धरून चालले होते. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, ती वारसांची. दोन भाऊ होते, एक इंदूरला, एक नाशिकला. दोघांनी येऊन बहिणीच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं, तेव्हाच आम्ही पुढे सरकलो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूळ करारापासूनची साखळी, भाग प्रमाणपत्र, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचा ना-हरकत दाखला. आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. या सोसायटीने ते करून घेतलं होतं. जुन्या इमारतीत घर घेताना हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण उद्या पुनर्विकास निघाला तर इमारत आपली आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर, अशी अडचण होते.

मधे एका ओळखीच्या एजंटने सुचवलं की सहा-सात लाख रोखीत द्या. मी नाही म्हटलं. इमारत तयार, म्हणून जीएसटी नाही. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर, महिलेला एक टक्का सवलत, त्यामुळे जानेवारी २०२२मध्ये मुद्रांक शुल्क पाच टक्के, एक लाख पंचावन्न हजार. नोंदणी तीस हजार. वकील वगैरे पंचेचाळीस हजार. नळाचे पाइप, वायरिंग, बाथरूम बदललं, एक लाख साठ हजार. सगळे मिळून ३४ लाख ९० हजार.

आता दुसरी कबुली. 'भाड्यातून हप्ता सुटतो' हे मी किती लोकांना सांगितलं असेल! अठरा लाखांचं कर्ज, ६.९ टक्के, पंधरा वर्षं: हप्ता १६,०७८. भाडं १२,५००. सुटत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. कर्ज रेपोशी जोडलेलं, त्यामुळे माझाही दर अडीच टक्क्यांनी चढला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती. मी शाखेत जाऊन लेखी दिलं आणि मुदत होती तशी ठेवून हप्ता साडेअठरा हजार करून घेतला. महिन्याला सहा हजार पगारातून घालावे लागले. ते घालता येत होते म्हणून घर टिकलं. ज्याच्याकडे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले नाहीत, त्याने दुसऱ्या घराचा विचारही करू नये, हे मी आता तितक्याच ठामपणे सांगते.

पहिल्या वर्षाचं भाडं दीड लाख. त्यातून सोसायटीचे आकार, मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती आणि एक रिकामा महिना धरून सुमारे साडेचव्वेचाळीस हजार वजा केले की उरतात एक लाख साडेपाच हजार. गुंतवलेल्या रकमेवर शेकडा तीन. बँकेच्या ठेवीवर त्याच्या पुढच्या वर्षी सात टक्के मिळत होते.

मग हे घर का ठेवलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे. हे घर मला समजतं. कुणाच्या गरजेवर ते उभं आहे ते मला दिसतं. तीन वर्षांत ते एकूण बारा दिवस रिकामं राहिलं. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं, ठेवीचं व्याज तसं वाढत नाही. नळ गळला तर मी वीस मिनिटांत तिथे पोहोचते. आणि उद्या विकायचं झालं तर घेणारा त्याच गल्लीत आहे. भाव वाढला तर ती वरकमाई. पूर्वी मी त्या वरकमाईलाच पाया धरून चालले होते.

राहणारं माणूस आधी धरायचं म्हटलं की आणखी एक गोष्ट बदलावी लागते. चाकणच्या फ्लॅटच्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'फक्त फॅमिलीसाठी'. ती नर्स आली ती एजंटने गळ घातली म्हणून. आकुर्डीच्या घराला पहिल्यांदा विचारणाऱ्या पुन्हा दोन मुलीच होत्या, एक नर्स, एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सोसायटीच्या कमिटीत एक-दोघांनी हरकत घेतली, रात्री-बेरात्री येणं-जाणं, एकट्या मुली. मी मीटिंगला गेले आणि सांगितलं की यांची रात्रपाळी असते तेव्हा आपल्यातलंच कुणी तरी आयसीयूत असतं. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचा करार करते, पोलिसांना कळवते, बिनभोगवटा शुल्क नियमाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्के भरते. चेअरमनसाहेब जुने शिक्षक. ते म्हणाले, "करार होऊ दे, मग बघू." पुढे बघायची वेळ आली नाही. मुली तीन वर्षं राहिल्या. त्यांच्या काळात जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं बीपी फुकट मोजून झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते लिहिते. २०१२ साली त्या माळावर मी एकटीने बुकिंग केलं नाही. माझ्या शब्दावर वर्कशॉपमधल्या तिघांनी केलं. त्यातले एक आमचे टर्नर, मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी पीएफमधून पैसे काढले, वहिनींच्या पाटल्या गहाण टाकल्या. मला विकता आलं, नुकसान सोसता आलं. त्यांना विकणं परवडेना. ते आजही तिथेच हप्ता भरतात, टँकरची वर्गणी भरतात.

विक्रीच्या रात्री जो ताळेबंद मांडला, तो मी दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवला. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी तुम्हाला अर्धवट हिशेब सांगितला होता." त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून त्यांच्या कर्जाचे कागद काढले. ते अजून जुन्या बेस रेटवर होतं. थोडं शुल्क भरून रेपोवर आणलं. हप्ता काही शेकड्यांनी उतरला. एवढंच मला करता आलं.

आजही डब्याच्या सुट्टीत कुणी तरी विचारतं, "ताई, अमुक ठिकाणी बुकिंग निघालंय, घेऊ का?" मी आता हो-नाही सांगत नाही. विचारते, तिथे राहणार कोण? आजच्या आज, आहे त्या रस्त्याने, आहे त्या पाण्यावर? मेट्रो आल्यावर, रिंगरोड झाल्यावर, हे उत्तर मी धरत नाही. पिंपरीहून फुगेवाडीपर्यंतची मेट्रो ६ मार्च २०२२ला धावली, तोवर तिच्या नावाने विकलेली घरं मी कितीतरी वर्षं ऐकत होते. धावायला लागल्यावर जे घर घ्याल ते थोडं महाग पडेल. त्या जादा पैशांत निदान डोळ्यांनी बघितलेली गाडी मिळते.

यंदा जूनमध्ये त्या दोघी मुली गेल्या. एकीचं लग्न झालं, दुसरीला नाशिकला नोकरी लागली. नवा भाडेकरू येण्याच्या आदल्या दिवशी पाण्याचा वार होता. मी पहाटे उठून आकुर्डीला गेले, स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि घड्याळ बघत उभी राहिले. सहा वाजून दहा मिनिटांनी पाइपात आवाज झाला आणि स्वच्छ, भरघोस धार लागली. ती बंद होईपर्यंत मी तिथेच थांबले. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पाणी एक दिवसाआड, सकाळी ६.१० ते ७.४०', आणि तो कागद ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.